हात लावला?

कॉम्प्युटरच्या टेपमधून तांदळाचा दाणा पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे 'मावशीचं आता वय झालं' अशा नजरेने बघतात. पण त्यात चमत्कार काहीच नव्हता. आमच्या सरांच्या घरी बॅकअपच्या टेपा तांदळाच्या डब्यात राहायच्या, एवढंच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीला मानपाड्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी आमची कंपनी. सर तिथल्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, तिच्यात फ्रिजएवढा मुख्य कॉम्प्युटर, त्याला जोडलेली चार टर्मिनलं आणि कंपनीतला एकुलता एक एसी. तो माणसांसाठी नव्हता, कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून होता. मे महिना लागला की अख्ख्या कंपनीला संगणकशास्त्राची गोडी लागायची. सर प्रत्येकाला दारात चपला काढायला लावायचे, मग "काय काम?" विचारायचे आणि काम नसेल तर चपला पुन्हा घालायला लावायचे.

सर ठाण्याचे, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती, सर घरातले पहिले ग्रॅज्युएट. रोज स्कूटरवरून शीळफाट्यामार्गे येत. तिथे ट्रकांच्या गर्दीत कितीही अडकले तरी नऊच्या ठोक्याला खोलीत हजर. येताना वाटेतल्या नाल्याकडे एक नजर टाकायची आणि आत आल्या आल्या प्रयोगशाळेतल्या, रंगांचे शेड म्हणजे छटा ठरवणाऱ्या शेडवाल्या काकांना म्हणायचं, "आज मरून रंग लावलाय काय?" काका दचकायचे. "तुम्हाला कोणी सांगितलं?" "नाल्याने," एवढंच म्हणून सर आपल्या खुर्चीत बसत. हसत नसत. वडिलांना होडी विकावी लागली ती खाडीतली मासळी गेली म्हणून, आणि मासळी का गेली हे रोज नाला बघत येणाऱ्या माणसाला वेगळं सांगायची गरज नव्हती. मी एकदा आगाऊपणा करून विचारलं, मग इथे नोकरी कशी करता? म्हणाले, "पोट आहे ना गं. पण बघतो. बघायचं सोडलेलं नाय."

त्यांच्या घरच्या तांदळाचं असं. खाडीकाठी हवेत ओल फार, टेपेला बुरशी धरते. तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणून टेप पातळ कापडी पिशवीत घालून डब्यात खुपसायची. कंपनीत का ठेवायची नाही, तर आग लागली, पाणी शिरलं, तर कॉम्प्युटर आणि टेप दोन्ही एकदम जातील. "सगळी जाळी एका होडीत ठेवतंय का कोण?" हे त्यांचं उत्तर. दर शनिवारी जेवणाच्या डब्याच्या वरच्या मजल्यात टेप घालून ते ठाण्याला न्यायचे. त्यांच्या आईला हा उद्योग मान्य नव्हता. "तुजी ती टेप कार आदी, मना भात लावाचा हाय," असं ती रोज संध्याकाळी ओरडते, असं सर आम्हाला साभिनय सांगत. आमचं सगळं रंगशास्त्र त्या बाईच्या मापट्याखालून जात होतं.

आणि शनिवारचा बॅकअप. तो मी जन्मात विसरणार नाही.

दुपारी दोन वाजले की सर पितळी घंटा वाजवत. घंटा देवघरातली असावी. मग आम्ही सगळ्यांनी हातातलं काम असेल तिथे सोडून उठायचं, कीबोर्डवर प्लॅस्टिकची झाकणं घालायची आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या लांब बाकावर ओळीने जाऊन बसायचं. टेप दीड तास फिरायची. तेवढा वेळ कॉम्प्युटरचं नावसुद्धा काढायचं नाही. सर डब्यातला सुका जवळा वाटायचे. आमच्यातले निम्मे डोंबिवलीचे शुद्ध शाकाहारी, ते नाकाला रुमाल लावून गोष्टी ऐकायचे. गोष्टी बहुतेक जाळ्याच्या. जाळं ओढत असताना होडीत मध्येच कोणी उठून उभं राहिलं की वडील कसे वल्हं उगारायचे, वगैरे. नवीन माणूस हमखास विचारायचा, "पण सर, टेप तिकडे फिरतेय, आपण इकडे काम केलं तर काय बिघडलं?" सर म्हणायचे, "घरातल्या माणसांची मोजदाद चाललीय आणि तू पुढच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर करतोयस. किती माणसं लिहू?"

बॅकअप संपला की दुसरा अंक. सर एक लांबडं, लाल पाठीचं रजिस्टर घेऊन बाकासमोर उभे राहत आणि एकेकाला विचारत, "हात लावला?" प्रत्येकाने तोंडाने "नाही" म्हणायचं. मान हलवून चालत नसे. मग सर ते नावापुढे लिहीत. अकाउंट्सचे एक गृहस्थ दर वेळी चिडायचे. "अहो, मी तुमच्यासमोर बसून जवळा खाल्ला!" "खाल्ला ना. आता सांगा, हात लावला?" "नाही हो, नाही!" सर शांतपणे लिहायचे: नाही. त्यांचं अक्षर फार सुबक होतं.

खोलीत मात्र एकाला थांबावं लागे, कारण टेप मध्येच थांबली तर पुन्हा चालू करायची असे. त्याला सर 'पहारा' म्हणत. मांडीवर हात ठेवून लाल दिव्याकडे बघत बसायचं, स्क्रीनवर सूचना आली की बटण दाबायचं, बस. पहारा पाळीपाळीने यायचा. मला नोकरीला लागून पाच महिने झाले आणि एका शनिवारी माझी पाळी आली.

इथे माझ्या घरचं थोडं सांगायला हवं. बाबांची कंपनी टाळेबंदीत गेलेली. माझ्याहून मोठी ताई लग्नाची. घरात कमावती मी एकटी, तीही सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. शेवटचा महिना नीट गेला की पक्की, नाहीतर पुन्हा दारोदार. आणि त्याच रविवारी ताईला बघायला नाशिकची मंडळी येणार होती. मध्यस्थांनी निरोप दिलेला, "मुलाकडचे शिकलेले आहेत, बायोडाटा इंग्रजीत टाइप केलेला द्या." आमच्या घरी टाइपरायटर कुठला? मी म्हटलं, मी करते. ऑफिसमध्ये दिवसभर मागे कोणीतरी उभं असायचं. एकटं, निवांत बसायला मिळणार होतं ते फक्त शनिवारी, पहाऱ्यात. मला वाटलं देवानेच सोय केली.

तर आठवड्यातून एकदा ज्या वेळी त्या खोलीत कोणी कशाला हात लावायचा नाही, नेमकी तीच वेळ मी निवडली. बाहेर सर जाळ्याच्या गोष्टी सांगत होते आणि आत मी झाकण काढून टाइप करत होते. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची पाच फूट दोन इंच. 'नेचर' असं लिहिलं आणि अडले. ताईचा स्वभाव इंग्रजीत कसा लिहायचा? आहे तेवढं सेव्ह केलं आणि विचार करत बसले, तेवढ्यात इंटरकॉम वाजला. शेडवाले काका. कारखाना चालू असला की त्यांना घड्याळ आणि वार दोन्ही कळत नसे.

"अगं, बेबी पिंकच्या आधी एक नवा शेड आलाय, बाटली हिरवा. आत्ता चढवून टाक गं, सोमवारी बॅच लागेल."

तेव्हा सांगायला हवं होतं की काका, बॅकअप चालू आहे. पण टर्मिनल समोर उघडं होतं, त्यांचा आवाज घाईचा होता आणि खरं म्हणजे मला फोन लवकर ठेवायचा होता. मी शेडची मुख्य फाइल उघडली. कंपनीचे सगळे रंग त्या फाइलमध्ये: कुठल्या शेडला कुठली पावडर किती, सगळी कृती. काकांनी सांगितला तो शेड मी मध्ये घातला, बंद केलं. मग उरलेला बायोडाटा पुरा करून छापून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. झाकण परत लावलं. घाम फुटला होता, एसीत.

साडेतीनला सर रजिस्टर घेऊन आले.

"हात लावला?"

"नाही."

त्यांनी लिहिलं. माझं खोटं इतक्या सुंदर अक्षरात लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी नाशिककरांनी पोहे खाल्ले, बायोडाटा घेतला, कळवतो म्हणाले. सोमवारी सकाळी वीज तीन वेळा गेली आणि आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॉम्प्युटरमधून खडखडल्यासारखा आवाज झाला आणि सगळे पडदे काळे झाले. दुपारी मुंबईहून इंजिनिअर आला, आत डोकं घालून बाहेर आला आणि म्हणाला, डिस्क गेली. उद्या नवी बसवतो, टेप आहे ना?

"आहे," सर म्हणाले. "तांदळात."

जुन्या हाताने लिहिलेल्या शेडच्या वह्या मॅनेजरसाहेबांनी कॉम्प्युटर आल्याच्या आनंदात रद्दीत घातल्या होत्या. म्हणजे आता कंपनीचा प्रत्येक रंग त्या एका टेपेवर होता. त्याच्या आधीच्या शनिवारची टेपही डब्यात होती, पण तिच्यात आठवडाभराचं काम नव्हतं. टाक्या रिकाम्या, कामगार पायरीवर बसलेले, साहेब येरझाऱ्या घालतायत, आणि ती टेप कशी झाली आहे हे अख्ख्या कंपनीत फक्त मला माहीत होतं.

संध्याकाळी मेथी निवडताना मी ताईला सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावरच भडकली. "माझ्या लग्नापायी तुझी नोकरी जाणार असेल तर मला नवराच नको!" मग दोन जुड्या निवडून झाल्यावर म्हणाली, "न सांगता नोकरी टिकली, तर रोज त्यांच्यासमोर बसशील कशी?" मी म्हटलं, बसेन. घरात पाच माणसं आहेत, बसेनच. ती देठं उचलून आत गेली.

मंगळवारी सकाळी नवी डिस्क बसली. सरांनी जेवणाचा डबा उघडला, वरच्या मजल्यातून पिशवी काढली, टेप बाहेर काढून हातरुमालावर हलकेच आपटली. तेव्हाच तो तांदळाचा दाणा पडला. सरांनी तो उचलून खिशात टाकला, टेप यंत्राच्या तोंडाशी नेली. मागे साहेब, शेजारी शेडवाले काका, दारात निम्मी कंपनी. चपला मात्र सगळ्यांनी काढल्या होत्या.

"सर, हात लावला होता," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण तो निघेल अशी मलाच खात्री नव्हती. सरांनी टेप खाली ठेवली.

"कधी?"

"शनिवारी. पहाऱ्यात."

"वेळ?"

"सव्वादोन ते तीन."

"कशाला लावलास?" आता ते माझ्याकडे बघत होते, पण रागाने नाही. डॉक्टर विचारतात ना, काय खाल्लं होतं, तसं. मी सगळं सांगितलं. बायोडाटाही सांगितला. काका खालच्या आवाजात "अरे देवा, मीच सांगितलं तिला" म्हणाले. साहेबांचा चेहरा आमच्या मरूनवर गेला.

"हिला आजच्या आज..." ते सुरू झाले.

"थांबा, साहेब." सरांनी लाल पाठीचं रजिस्टर काढलं, दोऱ्याने खूण केलेलं पान उघडलं, माझ्या नावापुढचं 'नाही' एका रेघेने खोडलं आणि त्याच अक्षरात लिहिलं: हो. वेळ. शेडची फाइल. बहिणीचा बायोडाटा. मग दोनचार पानं मागे उलटली आणि रजिस्टर साहेबांपुढे धरलं. मी बाजूलाच उभी होते, मलाही दिसलं. जागोजागी 'हो' होते. काका, हो. अकाउंट्सचे गृहस्थ, हो. सर स्वतः, चक्क चार वेळा. आणि मॅनेजरसाहेब, हो, कारण: क्रिकेटचा स्कोअर ठेवत होतो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. नोकरीचा विषय त्यांनी त्यानंतर कधीच काढला नाही.

मग सरांनी टेप चढवली. चढून झाल्यावर आम्हा सगळ्यांना जवळ बोलावलं. "आता गंमत बघा. बेबी पिंक मागतो." त्यांनी नंबर घातला. पडद्यावर कृती आली. काकांनी वाकून वाचली आणि ते मटकन खुर्चीत बसले. "हा बाटली हिरवा आहे!"

"समजा, पुस्तकाची अनुक्रमणिका आधी छापली," सर म्हणाले, "आणि मग हिने मध्ये एक पान घातलं. टेपेने अनुक्रमणिका जुनी उचलली, पानं नवी उचलली. म्हणजे त्याच्या पुढचा प्रत्येक रंग एका घराने सरकला. काका, तुम्ही दहा वाजता काय लावणार होता?"

"बेबी पिंक," काका म्हणाले. "लहान मुलांच्या झबल्यांचं कापड."

"पानं धड आहेत. अनुक्रमणिका नव्याने करू. अर्धा तास. ही बोलली नसती तर महिनाभर शोधत बसलो असतो, नाल्यात हिरवं पाणी बघून."

अर्ध्या तासाने पुन्हा नंबर घातला. बेबी पिंक आला. त्याच्या पुढचा आला, त्याच्याही पुढचा आला. काका एकेक कृती मोठ्याने वाचत होते आणि प्रत्येक नावाबरोबर माझ्या छातीवरचा एकेक धोंडा उतरत होता. मी उभ्या उभ्या रडले. सरांनी जवळ्याचा डबा पुढे केला. मी शाकाहारी आहे हे त्या क्षणी मलाही आठवलं नाही. खारट होता, छान होता.

सगळे गेल्यावर सर म्हणाले, "आणि हे काय आलंय बघ." टेपेबरोबर माझा बायोडाटाही परत आला होता, पण अर्धाच. टेप पुढे गेली तेव्हा मी जिथे अडले होते तिथपर्यंतच. 'नेचर', दोन टिंबं, आणि पुढे काही नाही.

"पुढे काय लिहिलेलंस?"

"सिंपल अँड होमली."

"आहे तशी?"

"नाही. तापट आहे. पण तिनेच मला ढकललं बोलायला."

"मग तेच लिहायचं होतंस ना. सिंपल अँड होमली कला लिवलंस?" रंगात आले की त्यांची भाषा अशी घरी जायची. 'कला' म्हणजे 'कशाला'. मग नेहमीच्या सुरात म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव. मी विचारतो ते ओरडायला नाय. लिहायला."

मी पक्की झाले. नाशिककरांनी नकार कळवला आणि ताई म्हणाली, सुटले. पुढे कल्याणच्या एका तितक्याच तापट माणसाशी तिचं लग्न झालं. दोघं अजून भांडतात आणि मजेत आहेत.

काही वर्षांनी कंपनीने नवी यंत्रणा आणली. ती आपला बॅकअप आपणच घ्यायची, कोणी काम करत असलं तरी तिचं बिघडत नसे. बाक पॅसेजमधून कँटीनमध्ये गेला. त्याच सुमाराला सर निवृत्त झाले. शेवटच्या शनिवारी त्यांनी घंटा आणि रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं. आता हे कुठे लागणार, असं मी म्हटलं नाही. ते दारात जाऊन चपला शोधू लागले आणि मी सहज रजिस्टरचं पहिलं पान उघडलं. इतक्या वर्षांत ते मी कधी पाहिलं नव्हतं, सर नेहमी दोऱ्याच्या खुणेवर उघडायचे.

पहिल्या ओळीत फक्त 'वागळे इस्टेट' असं लिहिलं होतं. नावाची जागा कोरी. वेळेची कोरी. 'हात लावला'खाली काहीच नाही.

"सर, हे काय?"

ते लगेच वळले नाहीत. "इथे यायच्या आधी तिथल्या, ठाण्याच्या एका कारखान्यात होतो मी. तिथेही बॅकअप चालायचा. एकदा टेप खराब निघाली. माझ्या बाजूला बसायचा त्याला काढलं. त्याने हात लावला नव्हता."

"मग कोणी..."

"कोणी विचारलंच नाय गं. मीही म्हटलं, विचारतील तेव्हा सांगू."

मी खुर्ची पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि ते इतकी वर्षं बाकासमोर उभं राहून जसं विचारायचे तसंच विचारलं.

"सर, हात लावला?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघता बघता त्यांचे खांदे खाली आले.

"लावला," सर म्हणाले.

"वेळ?"

"सव्वाचार." त्यांना आठवावं लागलं नाही.

मी जमेल तितक्या सुबक अक्षरात लिहिलं. नाव, हो, सव्वाचार. त्यांनी जवळ येऊन, वाकून, ओळ दोनदा वाचली. मग एक मोठा श्वास सोडला, चपला घातल्या आणि स्कूटर काढून शीळफाट्याच्या दिशेने निघून गेले. हँडलला जेवणाचा डबा लटकत होता, आणि त्या शनिवारी त्यात जेवणाशिवाय दुसरं काही नव्हतं.